नदीकाकांची महानदी

नदीकाकांच्या घरी वरण-भात कधी गरम खायला मिळाला नाही. भाताचा ढीग म्हणजे महानदी उगवते तो सिहाव्याचा डोंगर. त्यावर वरण ओतायचं आणि बोटानं वाट काढत न्यायचं. आधी उत्तरेला, राजीमवरून, सिरपूरवरून. मग उजवीकडे वळण घेऊन पापडाशी हिराकुडचं धरण, आणि कढीची वाटी म्हणजे बंगालचा उपसागर. तोवर तूप थिजून जायचं! मी शेजारची पोट्टी. त्यांच्याकडे जेवायचं तर भूगोल ऐकावाच लागे.

काका रेल्वेत होते, घर रायपूरच्या गुढियारीत. मूळचे भंडाऱ्याचे, पण तिथल्या वैनगंगेचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. "सिरपूर नगर कोणाच्या काठी वसलं? महानदीच्या! हिच्या वाळूत लोक हिरे वेचत होते, हिरे!" काकूचं माहेर वैनगंगेकाठचं. ती फणकारायची, "अन् रायपुरात कुठं हाय तुमची महानदी? इथं तर खारून हाय."

"खारून शिवनाथमधी जाते, शिवनाथ महानदीत. नातच झाली ना तिची!" काका खूश.

रिटायर झाल्यावर भंडाऱ्याला परत जायचं, हे काकूनं लग्न झालं तेव्हाच ठरवून टाकलं होतं. झालं, काका रिटायर होताच तिच्या भावानं तिकडे घर बघितलं आणि काकू पितळी भांडी पोत्यात भरू लागली. काका मात्र ताटात नदी काढेनासे झाले. वरण मुकाट्यानं भातात कालवून घ्यायचे. मला बघवत नसे. निघण्याआधी त्यांनी एकच मागितलं: सिहावा बघायचा. अहो, जन्मभर जिचे गोडवे गायले, तिचा उगम या माणसानं पाहिलाच नव्हता! आम्ही पोट धरून हसलो.

गाडी करून तिघं गेलो. डोंगरावर एवढंसं कुंड. "इतकुशी? माह्या पाण्याच्या गुंडात मावंल!" काकू म्हणाली. तिथल्या पुजाऱ्यानं गोष्ट सांगितली. नदी निघाली ती या डोंगरावर तप करणाऱ्या ऋषीला न सांगताच, भलत्याच दिशेला. फरसिया गावापर्यंत पोचली. मग ऋषीनं हाक मारली, तशी तिथून वळून परत आली.

काकू ऐकता ऐकता एकदम काकांवर उखडली. "अन् तुमच्याच्यानं एक हाक नाही मारवली? महिनाभर सामान बांधून राहिली मी! जगाले नदी सांगता, मले 'नको जाऊ' म्हणायले तोंड काहून नाही उघडलं?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग अगदी हळू म्हणाले, "नको जाऊ वं."

"हव," काकू म्हणाली. झालं! दुसऱ्या दिवशी भांडी पुन्हा फळीवर.

गेल्या साली काका गेले. काकूला न्यायला भंडाऱ्याहून तिचा थोरला भाऊ आला. "बाई, आता इथं कोण हाय तुहं?"

काकूनं त्याच्यासाठी चहा टाकला, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "त्यांनी नको जाऊ म्हटलं हाय."