पासचं बटण

श्रीपाद देवपुजारींनी चौतीस वर्षांच्या नोकरीत एकाही माणसाला "छान" म्हटलं नाही, आणि याचा त्यांना अभिमान होता. जबलपूरच्या एका संरक्षण कारखान्यात ते तपासनीस होते. तपासनिसाने बोलायचं नसतं, असा तिथला रिवाज. सुटा भाग मापात बसला की त्यावर बारीक गोल पंच ठोकायचा, नाही बसला की लाल रंगाचा फराटा ओढायचा. बनवणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचंही नाही, तोंड बघितलं की माप ढिलं होतं. आणखी एक नियम होता, तो श्रीपादराव जेवताना हटकून सांगत. पास केलेल्या भागात मागाहून खोट निघाली, तर तो परत मागवायचा, आपणच ठोकलेला पंच कानशीने आपणच घासून काढायचा आणि वर लाल रंग फासायचा. मग कारागीर रडो की पाया पडो.

हाच कायदा त्यांनी अधारतालच्या घरात एकुलत्या एका मुलाला लावला. अनुपमला दहावीत सत्त्याऐंशी टक्के पडले तेव्हा त्यांनी उरलेल्या तेरा टक्क्यांचा हिशेब मागितला. त्याने इंजिनिअर होऊन मोबाइलची ॲप बनवायचं काम धरलं तेव्हा, "हातात धरता येत नाही त्याला वस्तू म्हणत नाहीत," असं म्हणून ते पेपर वाचू लागले. आणि त्याने अवंतीला घरी आणली तेव्हा तिचा कप खाली ठेवून होण्याआधीच ते बायकोकडे, कुंदाताईंकडे, वळून म्हणाले, "रिजेक्ट." अवंती हसली, तिला वाटलं चहाबद्दल बोलतायत. अनुपम मात्र हसला नाही. अवंतीचं लग्न पुढच्या वर्षी नागपुरात दुसऱ्याशी झालं. अनुपम अडतीस वर्षांचा झाला तरी त्याच घरात, त्याच खोलीत राहिला, आणि बाप कधीतरी पंच ठोकेल म्हणून मनातल्या मनात कपाळ पुढे करत राहिला. असल्या माणसाची कीव करावी की कानाखाली वाजवावी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी श्रीपादरावांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजव्या बाजूचं दिसेनासं झालं आणि वाचा साफ गेली. कान तर कारखान्यातल्या चाचणीच्या धडाक्यांनी आधीच निकामी झाले होते. अगदी कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर चार शब्द पोचत. डॉक्टर म्हणाले, बोलणं परत येईल याची आशा धरू नका. कुंदाताई पदर तोंडाला लावून रडल्या. अनुपमला पहिली जी गोष्ट वाटली ती म्हणजे सुटका. आता कुणी रिजेक्ट म्हणणार नाही. दुसऱ्या क्षणी त्याला स्वतःची किळस आली, आणि त्या किळसेतूनच त्याने ठरवलं की बापासाठी बोलणारं ॲप बनवायचं. चित्राचं बटण दाबलं की फोनने शब्द बोलायचा. पाणी, बाथरूम, दुखतंय, टीव्ही, हो, नाही.

काम आठ दिवसांचं होतं. लागले आठ महिने.

अनुपम ओमतीतल्या एका छोट्या ऑफिसात नोकरी करी. मालक केतन त्याचा कॉलेजातला मित्र. तिथे सगळी कामं एकाच साधनावर चालत. त्या साधनाची थोरवी अशी, की कोड एकदा लिहायचा आणि तो अँड्रॉइडवरही चालणार, आयफोनवरही चालणार. केतन प्रत्येक गिऱ्हाइकाला हे वाक्य आरती म्हणावी तसं म्हणून दाखवी. प्रत्यक्षात ते साधन नव्या जावयासारखं होतं. आज गोड बोलेल, उद्या कशावरून रुसेल सांगता यायचं नाही. एका फोनवर बटण नीट बसवावं तर दुसऱ्यावर ते पडद्याबाहेर पळे. ते ओढून आणावं तर पहिल्यावर अक्षरं एकमेकांवर चढत. आवाज वाजवायची जोडणी कुणा परदेशी माणसाने फुकट लिहून ठेवली होती, आणि तो माणूस तीन वर्षांपासून बेपत्ता होता. दर महिन्याला साधनाची नवी आवृत्ती येई, आणि ती घेतली की काल चालणारं आज चारशे ओळींची लाल तक्रार ओकून मरे. मग सगळं पुसा, पुन्हा चढवा, अकरा मिनिटं थांबा. इंटरनेटवर शोधावं तर हीच अडचण चार वर्षांपूर्वी कुणाला तरी आलेली असे, आणि खाली त्यानेच लिहिलेलं असे, "सुटलं, धन्यवाद." कसं सुटलं, ते मेल्याने लिहिलेलं नसे.

"काहून रे, इतके दिवस काय करून राहिला तू?" कुंदाताई विचारत. "एक पाणी म्हणायला इतका टाइम? त्यांना घशाला कोरड पडते, मला समजत नाही ना!"

"आई, या फोनवर चालून राहिलंय, त्याच्यावर नाही."

"तर त्याच्यावरचंच बनव ना बाबा. तुझ्या बापाजवळ दोन फोन थोडेच आहेत!"

जे त्या बाईला कळलं, ते अनुपमला कळलं नाही. त्याच्या हाताला तेवढंच एक हत्यार ठाऊक होतं. शिवाय मनात आणखी एक किडा होता. ॲप दोन्हीकडे चालायला हवं, शहरातल्या उपचार केंद्रांत जायला हवं, म्हणजे बाबांना दिसेल की हातात धरता न येणारी गोष्टही वस्तू असते.

अखेर ते ॲप बाबांच्या साध्या अँड्रॉइड फोनवर चाललं. आवाज अनुपमचाच होता, ऑफिसातल्या संगणकावर शांतपणे रेकॉर्ड केलेला. बापाला ऐकू येत नाही हे ओळखून त्याने आणखी एक सोय केली. बटण दाबलं की पडद्याच्या डाव्या कडेला हिरवा दिवा लागे, म्हणजे शब्द बोलला गेला हे त्यांना डोळ्यांनी कळे. कोणतं बटण किती वेळा दाबलं जातं याची नोंदही आपोआप ठेवली जाई, पुढेमागे बटणं लहानमोठी करायला. श्रीपादरावांना उजवीकडचं नीट दिसत नसे, ते बटणं जागेवरून ओळखू लागले. पहिल्यांदा डाव्या बोटाने त्यांनी "पाणी" म्हटलं तेव्हा कुंदाताई तांब्या घेऊन धावल्या आणि निम्मं पाणी अंथरुणावर सांडलं.

अनुपम बापाच्या चेहऱ्याकडे बघत होता. चेहरा तपासनिसाचाच राहिला.

त्या रविवारी त्याने, खाज म्हणा की हाव, आणखी एक बटण टाकलं. उजव्या कोपऱ्यात, तळाशी. चित्र गोल पंचाचं, शब्द "पास". ऑफिस बंद होतं, म्हणून त्याने आवाज घरीच आपल्या आयफोनवर रेकॉर्ड केला आणि तसाच चढवला. आयफोनवर दाबून पाहिलं, खणखणीत वाजलं. मग बाबांच्या फोनवर ॲप चढवून, त्यांचं बोट धरून त्या कोपऱ्यावर नेलं आणि कानात ओरडला, "बाबा, हे पास! तुम्हाला वाटलं तर!" बोट त्याने टेकवलं नाही. पहिलं दाबणं त्यांचं असावं, अशी त्याची हौस.

त्यानंतर रोज संध्याकाळी ऑफिसातून आला की तो चहाचा कप घेऊन बापाशेजारी बसे आणि वाट पाही. फोन बापाच्या मांडीवर असे, अनुपमची नजर समोर टीव्हीवर. बापाच्या तोंडाकडे बघायचं नाही, तोंड बघितलं की माप ढिलं होतं, हे तोही शिकलेलाच होता. फक्त कान टवकारलेले. पाणी म्हणे फोन, बाथरूम म्हणे, एकदा दुखतंय म्हणाला. पास म्हणाला नाही.

तीन आठवडे झाले आणि अनुपमच्या डोक्यात तिडीक गेली. "हलतासुद्धा येत नाही आणि मिजास तीच," तो आईला म्हणाला. "मेलं तरी म्हणणार नाहीत."

"असं बोलू नये रे," कुंदाताई म्हणाल्या, आणि त्याच्याकडे चमत्कारिक नजरेने बघत राहिल्या.

त्याने "पास" काढून टाकलं. त्या जागी "चहा" ठेवलं, आवाज ऑफिसात रेकॉर्ड केलेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो शेजारी येऊन बसला तेव्हा श्रीपादरावांचं बोट त्या कोपऱ्यात गेलं. फोन म्हणाला, "चहा." अनुपमने हाक मारली, कुंदाताईंनी चहा आणला. श्रीपादरावांनी कपाकडे पाहिलं, मग मुलाकडे, आणि डाव्या हाताने कप ढकलून दिला. पुढच्या दिवशी पुन्हा तेच, बोट कोपऱ्यात, चहा, कप ढकललेला. तिसऱ्या दिवशी चहा चादरीवर सांडला आणि अनुपम ओरडला, "मागायचं आणि फेकायचं! डोकं फिरलंय यांचं!" डॉक्टरांना फोन झाला. डॉक्टर म्हणाले, होतं असं, विसंगती वाढते, एक गोळी वाढवू. गोळीने श्रीपादराव दिवसाचे बरेच तास झोपू लागले. चौथ्या दिवसानंतर बोट कोपऱ्याकडे गेलं नाही.

महिन्याभराने केतनने विचारलं, "भैया, तुझ्या त्या ॲपचे आकडे दे ना. एका उपचार केंद्राला दाखवून देतो. मरीज वापरून राहिलाय हे दिसलं पाहिजे."

अनुपमने पहिल्यांदाच नोंदी उघडल्या. बाथरूम, तीनशे चाळीस. पाणी, दोनशे बारा. टीव्ही, नव्वद. पास, एकोणीस.

त्याला वाटलं चूक आहे. त्या साधनाच्या चुकांची त्याला इतकी सवय होती की पहिला संशय त्याच्यावरच गेला. मग वेळा पाहिल्या. एकोणीसच्या एकोणीस नोंदी संध्याकाळी पावणेसहा ते सव्वासहाच्या मधल्या. म्हणजे तो शेजारी बसलेला असताना. रविवार सोडून रोज एक. कारखान्यात रविवारी तपासणी नसे.

कारण सापडायला दहा मिनिटं लागली. आयफोनवर रेकॉर्ड केलेला तो आवाज ज्या प्रकारात साठवला गेला होता, तो प्रकार बाबांच्या फोनवर त्या बेपत्ता माणसाच्या जोडणीला वाजवता येत नव्हता. वाजत नाही, तर तशी तक्रार तरी करावी! एरवी क्षुल्लक गोष्टीला चारशे ओळी ओकणाऱ्या साधनाने इथे चूक मुकाट्याने गिळली होती. दिवा मात्र लागला होता. एकोणीस वेळा बहिऱ्या म्हाताऱ्याने हिरवा दिवा बघितला, पोराला पास म्हटलं, आणि पोर टीव्हीकडे बघत चहा पीत राहिलं. विसाव्या दिवशी पोराने चहाच पुढे केला.

तो तसाच घरी आला. कुंदाताई भाजी निवडत होत्या.

"आई, बाबा ते कोपऱ्यातलं बटण दाबायचे, तू पाहिलं होतंस?"

"पाहिलं ना. रोज दाबायचे."

"मग सांगितलं काहून नाही?"

"मला वाटलं तू ऐकून न ऐकल्यासारखं करून राहिला. टीव्हीच्या गोंगाटात आवाज मला स्वयंपाकघरात कुठे येतो, दारातून दिसतं तेवढंच! मी म्हटलं, बापाने इतकी वर्षं रडवलं, आता हा बदला घेऊन राहिला. बापावरच गेला." त्यांनी भेंडीचं देठ मोडलं. "चलो, म्हटलं, दोघांचं दोघांना लखलाभ."

अनुपमने त्याच दुपारी आवाज नव्याने रेकॉर्ड केला, योग्य प्रकारात साठवला. अकरा मिनिटांच्या तीन फेऱ्या झाल्या. बटण जुन्या जागी, जुन्या चित्रासकट बसवलं. या वेळी बाबांच्या फोनवर स्वतः दाबून पाहिलं. वाजलं. मग तो पलंगाशी गुडघ्यांवर बसला आणि बापाच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला, "बाबा, त्यात खोट होती! दिवा लागायचा, पण आवाज येत नव्हता! मला ऐकूच आलं नाही, बाबा! एकोणीस वेळा! आता बरोबर केलंय!"

श्रीपादरावांना किती कळलं, असा प्रश्नच नको. सगळं कळलं. ते मुलाकडे बघत राहिले, आणि त्या नजरेत राग नव्हता, हे अनुपमने स्पष्ट पाहिलं. राग असता तर बरं झालं असतं. उलट कपाळावरची आठी सैल झाली, डोळे ओलावले, आणि त्यांनी डाव्या हाताने फोन मांडीवर नीट सरळ करून घेतला, पूर्वी कारखान्यात मापयंत्र घेत असतील तसा. बोट उजव्या कोपऱ्याकडे निघालं.

बोट कोपऱ्याच्या वर थांबलं. वस्तू त्यांनी पास केली होती. मागाहून तिच्यात खोट निघाली होती, आणि खुद्द बनवणाराच तसं सांगत होता. चौतीस वर्षं पाळलेला नियम काही एका पोरासाठी मोडायचा नव्हता. बोट सावकाश डावीकडे सरकलं आणि टेकलं.

"नाही," फोन म्हणाला, अनुपमच्याच आवाजात, मोठ्याने आणि अगदी स्पष्ट.

मग त्यांनी फोन मुलाच्या हातात दिला आणि डोळे मिटले.

श्रीपादराव त्यानंतर सात महिने जगले. केतनला आकडे हवेच होते, म्हणून अनुपम दर महिन्याला नोंदी काढून पाठवी. पाणी, बाथरूम, दुखतंय, यांचे आकडे वाढत गेले. पाससमोर शेवटपर्यंत वीस राहिले. विसावी नोंद त्या दुपारची होती, अनुपमने स्वतः दाबून पाहिलं होतं तेव्हाची.