बयाबाईने ओळखलेली तलंग

आमच्या उमरठच्या वरच्या वाडीत कोंबडीचं वय विचारायचं ते बयाबाईला. ही माझी सख्खी चुलती, सत्तरी ओलांडलेली. महाडच्या बाजाराला तलंगा, म्हणजे अजून अंडी न घालणाऱ्या तरण्या कोंबड्या, नेणाऱ्या बायका आधी तिच्या अंगणात थांबायच्या. ती आकार बघायची, मानेवरची पिसं बघायची. पिसांचा मळकटपणा जाऊन चकाकी आली, फिका तुरा लाल झाला, की म्हणायची, "पंधरा दिसांत अंड्यावर येल, इकू नको गो." तिचा अंदाज चुकायचा नाही, आणि हे चारचौघांत सांगायलाही ती चुकायची नाही.

दोन वर्षांपूर्वी तिची नजर अधू झाली. महाडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे मीच नेलं. आता इलाज नाही, म्हणाला. परतताना एसटीत तिने माझा हात धरला. "सुधीरला सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील." सुधीर तिचा एकुलता एक, मुंबईला असतो. आईला दिसत नाही असं कळलं तर तो एक दिवस तिला इथे ठेवणार नव्हता, आणि तिला वाडी सोडायची नव्हती. मी सुधीरला काहीच कळवलं नाही. खोटं बोलण्यापेक्षा ते सांभाळण्यातच माणूस जास्त थकतो.

तेव्हापासून ती कोंबडी मांडीवर घेऊन शेपटीखालची हाडं चाचपायची. हाडांमध्ये दोन बोटं मावली तर अंड्यावर आली. बायकांना वाटायचं, म्हातारीची नवी तऱ्हा.

यंदा मे महिन्यात सुधीर तीन दिवस आला. आल्याआल्या गावठी कोंबडीची फर्माईश. अंड्यावर आलेली तलंग आमच्याकडे कापत नाहीत, म्हातारी माणसं त्याला पापच म्हणतात. मी दोन तलंगा धरून आणल्या.

"आई, कुठली कवळी? लांबूनच सांगायचीस ना तू?" सुधीर म्हणाला. तो कोंबडीकडे नाही, तिच्या तोंडाकडे बघत होता.

तिचा हात पुढे झाला आणि मागे गेला. चाचपलं असतं तर त्याला कळलंच असतं. तिने डोळे बारीक केले आणि अंधुक आकारावरून लहान वाटलेलीकडे बोट केलं. "ही काप. चार म्हयन्याचीबी नाय."

ती गेल्या भर पावसातली पैदास, वयानं मोठी पण अंगानं खुरटलेली. तुरा लालभडक झालेला मला दिसत होता. पण मी बोललो असतो तरी बिंग फुटलंच असतं. सुरी घेऊन मी मागच्या दारी गेलो.

पोटात अंडं निघालं, कवच धरलेलं, दुसऱ्या दिवशी घातलं असतं असं. मी ते मुठीत लपवलं. एवढ्यात भिंतीला हात लावत काकी आली.

"व्हतं ना रे आत?"

"नाय गो काकी."

तिने माझा हात शोधला आणि एकेक बोट सोडवलं. अंडं अजून गरम होतं. तिने ते पदरात गुंडाळलं. मला सुधीरचा राग आला, तिचाही आला, आणि सगळ्यात जास्त माझा.

"मी सांगणार नाय त्याला," मी म्हणालो.

"तू नको सांगू. मीच सांगतंय. लपवून लपवून दमले रे आता. आज कोंबडी मेली, उद्या चूल पेटवताना घर जाळीन."

मग तिने हाक मारली, "सुधीर, माझी लुगडी पिशवीत भर रे."

सुधीर अनवाणी येऊन केव्हाच तिच्या डाव्या हाताला उभा होता. ती उजवीकडे तोंड करून त्याला पुन्हा हाक मारत होती.