देवमनचा तारेचा खेळ

मंगरूळपीरला बसस्टँडच्या मागे गोविंदसिंगांचं लाऊडस्पीकरचं दुकान होतं. लग्न असो, सप्ताह असो की निवडणुकीची सभा, भोंगे तिथूनच जायचे आणि भोंग्यांबरोबर देवमन जायचा. झाडावर चढून भोंगा बांधणं, तारा ओढणं, बॅटरी जोडणं ही त्याची कामं. माणूस भित्रा होता. साहेबासमोर बोलताना त्याची जीभ अडखळायची, गर्दीत तो कडेनं चालायचा. पण तारांशी त्याचं जमायचं. तारा उलट प्रश्न विचारत नाहीत, असं तो बायकोला, अंजनाला म्हणायचा.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. जत्रा पुन्हा भरू लागल्या होत्या. भोंगे लावायला जत्रांत जाता जाता देवमनच्या डोक्यात एक खेळ शिरला. जत्रेत रिंगा फेकायच्या, बंदुकीनं फुगे फोडायचे, ते सगळं जुनंच. आपण विजेवर चालणारा खेळ करायचा, लोकांनी पाहिलेला नसेल असा. आधी त्यानं फार मोठं मनात आणलं. लाकडी फळीवर अख्खं गाव, नदी, पूल, देवळात दिवे, पुलावरून धावणारी मोटार. सगळा पावसाळा त्यात गेला. दिवे जळाले, मोटार पुलावर अडकली, फळी फुगून वाकली. कोपऱ्यात पडलेल्या त्या पसाऱ्याकडं पाहून अंजना म्हणाली, "एकच वस्तू करा, पण पुरी करा. अर्ध्या गावात कोन खेळन?"

म्हणून त्यानं एकच वस्तू केली. जाड उघडी तार नागमोडी वाकवून दोन खुंट्यांवर बसवली. तारेत एक पितळी कडी ओवली आणि कडीला मूठ लावली. मूठ धरून कडी या टोकापासून त्या टोकाला न्यायची, पण तारेला लागू द्यायची नाही. लागली की घंटी वाजणार आणि डाव संपणार, न लागता पोचली तर बक्षीस. तार म्हणजे घाटाचा रस्ता, कडी म्हणजे बैलगाडी. सगळी वीज मोटारीच्या बॅटरीतली. खेळाला त्यानं नाव दिलं 'घाटाची वाट'.

गोविंदसिंगांनी पाहिलं आणि म्हणाले, "चीज चांगली आहे. पन जत्रेत न्यायच्या आदी चार दिवस गल्लीत मांड. पोट्ट्यांले खेळू दे, बायांले खेळू दे."

"हाव दादा," देवमन म्हणाला, पण मांडला नाही. कोणी पाहून तसाच दुसरा करील याचं भेव होतं. त्याहून मोठं भेव, लोक हसतील याचं. हे त्यानं कोणाला सांगितलं नाही. घराचं दार लावून एकटाच खेळत राहिला. इतकं खेळला, की डोळे मिटूनही कडी पलीकडं नेऊ लागला. खेळ फारच सोपा झालाय असं वाटून त्यानं तारेला आणखी दोन वळणं दिली.

रामनवमीला पोहरादेवीला माणूस मावत नाही. लांबलांबच्या तांड्यांवरून लोक येतात, बैलगाड्या, ट्रका, एसट्या. त्या गर्दीत उसाच्या रसाच्या गाडीजवळ देवमननं एका पालाच्या आडोशाला टेबल मांडलं. आधी भेव वाटलं की कोणी येणारच नाही. मग लोक आले, तर आलेल्या लोकांचं भेव वाटू लागलं.

एकामागून एक माणसं पैसे टाकून मूठ धरत आणि पहिल्या-दुसऱ्या वळणावरच घंटी वाजे. सुरुवातीला हसणं होतं. दुपार कलली तरी कोणी पलीकडं पोचलं नाही, तेव्हा हसणं कमी झालं. मागून कोणी म्हणालं, "इच्यात कोनीच जितत नाही. खाली बटन असन."

धनसिंग नावाचा एक आडदांड माणूस पुढं आला. तो तीनदा हरला होता. त्यानं टेबलावर हात टेकले. "तू करून दाखव," तो म्हणाला.

देवमननं मूठ धरली. डोळे मिटून जमणारी गोष्ट. पण एवढे डोळे त्याच्याकडं बघत होते की त्यानं कडी घाईनं सरकवली. पहिल्याच वळणावर घंटी वाजली. कोणी हसलं नाही. माणसं टेबलाजवळ सरकली. आता टेबल उचलून निघून जावं, असं देवमनच्या मनात आलं, पण उचललं तर चोर ठरतो, नाही उचललं तरी चोरच.

तेवढ्यात एक बाई गर्दी सारून आली. रुपाबाई तिचं नाव, धनसिंगच्याच तांड्याची, पन्नाशीतली, कोपरापर्यंत बांगड्या, उपास धरलेला. "सरका, मले पाहू द्या," ती म्हणाली आणि मूठ हातात घेतली.

मुठीवर गुंडाळलेलं कापड दिवसभरच्या घामानं ओलं झालं होतं. रुपाबाईनं सावकाश कडी सरकवली. दोन वळणं गेली, तिसरं गेलं. तार हलत होती म्हणून तिनं ती डाव्या हातानं घट्ट धरली. देवमन हे बघत होता. आजवर कोणी तार अशी धरली नव्हती, त्यानं स्वतःही नाही. काहीतरी चुकतंय असं त्याला वाटलं, पण काय ते कळण्याआधीच कडी तारेला लागली, घंटी वाजली, आणि कडी तारेपासून सुटताच रुपाबाई किंचाळली. ती झटक्यानं मागं गेली, पालाच्या दोरीत तिचा पाय अडकला आणि डोकं खुंटीवर आपटलं. कपाळातून रक्त आलं. ती हलली नाही.

"करंट लागला. बाईले मारलं यानं," गर्दीतून कोणी ओरडलं.

देवमन पळाला. पाय आपोआप पळाले. रसाच्या गाडीमागं तो खाली बसला आणि त्यानं दोन्ही हात तोंडावर दाबले. बाई मेली, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्याला तुरुंगाचं फाटक दिसलं, पोलीस दिसले, अंजना दिसली. बैलगाड्यांच्या गर्दीत शिरलं असतं तर तो कोणाला सापडला नसता. रस्त्याला लागायला कितीसा वेळ.

मग त्याला आठवलं की बॅटरी जोडलेलीच आहे. तार उघडी आहे. टेबलाभोवती लेकुरवाळ्या बाया आहेत, आणि जिनं एका बाईला पाडलं ती तार कोणीही हातात घेईल. हे भेव पहिल्या भेवापेक्षा मोठं होतं. तो उठला. रडतच तो गर्दीत परत शिरला, "हात नोका लावू, तारेले हात नोका लावू," असं म्हणत टेबलाखाली वाकला आणि त्यानं बॅटरीची तार उपटली.

वर येतो तोच धनसिंगनं त्याची गचांडी धरली. एक थोबाडीत बसली. कान सुन्न झाला.

"नाव काय तुहं?"

"देवमन."

"गाव? कोनाचा तू?"

या प्रश्नाचं भेव त्याला सकाळपासून होतं. त्या मुठीला दिवसभर सगळ्या जातीच्या माणसांनी हात लावला होता. उत्तर दिलं तर काय होईल, हे लहानपणी गावात त्यानं पाहिलं होतं. खोटं नाव सांगता आलं असतं. पण बाप छप्पन साली नागपूरहून धम्मदीक्षा घेऊन परत आला तेव्हा दारात उभा राहून त्यानं लेकरांना बजावलं होतं, कोणी विचारलं तर मान खाली घालायची नाही. मान वर ठेवायला देवमनला जमलं नाही, पण उत्तर खरं दिलं.

"मंगरूळचा. आमी बौद्ध आहो."

गर्दीत कोणीतरी पुटपुटलं. धनसिंगचा हात गळ्यावरून निघाला नाही.

"सोड त्याले," खालून आवाज आला.

रुपाबाई उठून बसली होती. रसवाल्यानं तिच्या तोंडावर पाणी मारलं होतं, कपाळावर कोणी फडकं दाबून धरलं होतं. "मले झालं न? मंग मले सांगू दे," ती धनसिंगला म्हणाली. "हाताले झिनझिन्या आल्या. मी भेली न मांगं सरकली. पडली ते त्या दोरीनं."

धनसिंगनं हात काढला, पण तो तिथंच उभा राहिला. रुपाबाईनं देवमनकडं पाहिलं. "हे घरी कोनाले खेळाले देल्लं होतं?"

"नाही."

"बायकोले?"

"नाही."

"काहून?"

देवमनला खोटं सुचलं नाही. "भेव वाटे. हासतीन म्हनून."

"हासले असते तर बरं होतं," ती म्हणाली. "माहं डोस्कं वाचलं असतं." मग तिनं सोबतच्या बायांना हाताला धरून उठवायला सांगितलं. जाताना तिनं धनसिंगलाही पुढं घातलं. देवमनला कोणी पुन्हा हात लावला नाही, टेबल आवरायला मदतही केली नाही.

घरी आल्यावर खेळ त्यानं पोत्यात बांधून आढ्याला टांगला. अंजनाला काय झालं ते सांगितलं, पण तुकड्या-तुकड्यानं, दोन-चार दिवस लावून. त्यानंतर तारांचंही त्याला भेव वाटू लागलं. बॅटरी जोडताना तो तोंड फिरवून घ्यायचा. वाशीमच्या एका लग्नात त्याचा हात इतका कापला, की भोंगा झाडावरून सुटून मांडवावर पडला. त्या दिवशी गोविंदसिंगांनी त्याला दुकानात बसवलं आणि सगळं विचारून घेतलं.

"बॅटरीनं मानूस मरत नाही," ते म्हणाले. "पन घंटीत जी तारेची गुंडाळी असते न, वीज तुटली का ते उलटा झटका मारते. घंटी तू कडीच्या रस्त्यातच बसवली. बाईचा एक हात ओल्या मुठीवर, दुसरा तारेवर. झटका तिच्यातून गेला. तू कधी दुसऱ्या हातानं तार धरलीच नाही, तुले समजन कसं?"

कारण कळल्यानं भेव गेलं नाही, पण त्याला आकार आला. तरी पोतं खाली काढायची देवमनची छाती झाली नाही. ते अंजनानं काढलं. तो दुकानातून आला तर अंगणात टेबल मांडलेलं, आणि शेजारची लिलाबाई, म्हातारी भागिरथा आणि चार-दोन बाया भोवती बसलेल्या.

"घंटीची तार काढून टाकली म्या," अंजना म्हणाली. "नुसतीच कडी फिरवून राह्यल्या त्या. तुमी तिकडे बसा. बोलू नोका."

देवमन उंबऱ्यावर बसला. भागिरथाचा हात टेबलावर नीट पोचत नव्हता. लिलाबाईला कडीतून तार दिसतच नव्हती, इतकी कडी बारीक. एकीनं उजव्याऐवजी डाव्या बाजूनं सुरुवात केली आणि पहिल्याच वळणावर अडकली. प्रत्येक वेळी देवमन उठायला बघायचा, असं नाही तसं, हे सांगायला, आणि अंजना हातानंच त्याला खाली बसवायची. बाया हसल्या. खूप हसल्या. ज्याला तो एवढा भ्याला होता ते हसणं अंगणात घडत होतं, आणि त्याचे कान लाल होण्यापलीकडं काही झालं नाही.

त्यानंतर त्यानं टेबलाचे पाय कापून ते ठेंगणं केलं. कडी मोठी केली. मूठ सागवानी लाकडाची केली. घंटी काढून एक लहान दिवा बसवला. मधली दोन वळणं सरळ केली, आणि ते करताना त्याला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, कारण तीच वळणं त्याला आवडायची. अंगणात रोज कोणी ना कोणी खेळायचं. चारातला एक जण पलीकडं पोचू लागला तेव्हा अंजना म्हणाली, आता न्या.

तो मंगरूळपीरच्याच दर्ग्याच्या उरुसात गेला. प्रत्येक नवा माणूस मूठ धरायच्या आधी देवमन स्वतः एका हातात कडी आणि दुसऱ्या हातात तार धरून उभा राहायचा, डोळे बारीक करून, झटक्याची वाट बघत. लोकांना वाटायचं, हा खेळाचाच भाग आहे. संध्याकाळी एका बांगडीवालीनं गाडी घाटापार नेली. लोक ओरडले तसा देवमन दचकून टेबलाखाली बॅटरीकडं वाकला. काय झालं हे त्याला उशिरा समजलं. मग त्यानं तिला बक्षिसाची फणी दिली.

पुढं त्यानं आणखी खेळ केले. दिव्यांची शर्यत केली, ती चालली. पाण्यात बुडणाऱ्या बाहुल्यांचा एक केला, तो कोणालाच कळला नाही, म्हणून मोडून टाकला. जत्रेवर त्याचं घर काही चाललं नाही. दुकानातलं काम त्यानं कधी सोडलं नाही, आणि कोणाला सोडूही दिलं नाही. मानोऱ्याचा सेवादास नावाचा एक तरुण मास्तर त्याच्याकडं आला होता. त्याला दिव्यांचा मोठा खेळ करायचा होता, नोकरी सोडून.

"नोकरी नोको सोडू," देवमन म्हणाला. "लहान कर. पुरा कर. आन पुरा व्हायच्या आदीच कोनाच्या तरी हाती दे. ते खेळून राह्यले का तू तोंड उघडजो नोको. जिथं ते अडकतात तिथं तुही चूक असते, त्यांची नाही."

"आनि भेव?" सेवादासनं विचारलं. "तुमाले अजून वाटते काय?"

"वाटते न. म्हनून तर मी पयले तार धरतो."

सेवादास दिवाळीनंतर खोक्यात अर्धाच झालेला खेळ घेऊन आला. देवमननं खोक्याच्या तारा एकदा चाचपून पाहिल्या, मग अंजनाला हाक मारली आणि आपण उंबऱ्यावर जाऊन बसला.