सत्य जरा लवकर झालं

बोईसरमधल्या आमच्या इमारतीतल्या मुलांवर संस्कार करायचे ठरले, त्याचं कारण चेअरमनची गाडी. एका सकाळी त्या काळ्या गाडीवर कुणीतरी बोटानं ठळक अक्षरात ‘गाढव’ असं लिहून ठेवलं. कारखान्यांकडून वारा आला की आमच्याकडे गाड्यांवर, खिडक्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर पांढुरकी पूड बसते. तिच्यावर बोट फिरवलं की अक्षर सुरेख उमटतं. त्याच संध्याकाळी तातडीची सभा झाली. पुडीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, ती रोजचीच. सभा झाली ती शब्दाबद्दल.

मोबाइलनं पोरं बिघडली यावर एकमत झालं. संस्कार वर्ग काढू या, असं चेअरमन म्हणाले. त्यावर एक तरुण आई म्हणाली, संस्कार म्हटलं तर तिचा मुलगा येणार नाही, त्याच्या शाळेत याला ‘युनिव्हर्सल व्हॅल्यूज’ म्हणतात. मग नाव तेच ठरलं. शिकवणार कोण, या प्रश्नावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पालघरच्या एका शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. नवरा अणुवीज केंद्रात होता. तो गेल्यावर कॉलनीतलं क्वार्टर सोडून मी इथे सहाव्या मजल्यावर राहायला आले. एकटी बाई, म्हणजे तिला वेळच वेळ असणार. मला तिथल्या तिथे शाल आणि नारळ देण्यात आला. शिकवायच्या आधीच सत्कार झालेली मास्तरीण मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

या सगळ्यात पुढाकार होता सेक्रेटरींचा. मूळचे सांगलीकडचे, तारापूरच्या वसाहतीत एका केमिकल कंपनीत पर्यावरण विभाग सांभाळतात. माणूस वाईट नाही. कुणाच्या घरी पाणी आलं नाही तर स्वतः गच्चीवर जाऊन टाकीत डोकावून येतो. त्यांची मुलगी पाचवीत होती, चुणचुणीत, आणि ऐकलेलं सगळं खरं मानणारी. दुर्दैवानं ती माझ्या वर्गात पहिल्या रांगेत बसायची.

वर्ग दर रविवारी सकाळी, पार्किंगच्या बाजूच्या हॉलमध्ये. मी मुलांना पहिल्याच दिवशी सांगितलं की मी गोष्टी सांगणार नाही आणि त्यांचं तात्पर्यही विचारणार नाही. एक मूल्य घ्यायचं, पुढच्या रविवारपर्यंत ते पाळून बघायचं, आणि काय झालं ते येऊन सांगायचं. पहिलं घेतलं खरं बोलणं. सगळ्यात सोपं तेच आहे, असा माझा इतक्या वर्षांच्या नोकरीनंतरही समज होता.

त्या आठवड्यात सेक्रेटरींनी मला शनिवारी जेवायला बोलावलं. एका सरकारी खात्यातले साहेब घरी यायचे होते. घिवलीहून मोठी सुरमई आणवली होती. मी का, हे गेल्यावर कळलं. “या आमच्या काकू,” सेक्रेटरी साहेबांना म्हणाले, “सोसायटीतल्या मुलांना मूल्यशिक्षण देतात. विनामूल्य.” साहेबांनी हात जोडले. आजकाल याची फार गरज आहे, असं ते म्हणाले आणि तुकडी पुढे ओढली.

जेवण रंगात आलं आणि खिडकीतून तो वास आला. सडकं अंडं आणि फिनेल एकत्र उकळल्यासारखा. आम्हाला सवय आहे, साहेबांना नव्हती. त्यांनी नाकाला रुमाल लावला. “हे कुठून येतंय हो?”

“शेजारची एक कंपनी आहे साहेब,” सेक्रेटरी म्हणाले. “किती तक्रारी केल्या आम्ही.”

मुलगी भात कालवत होती. तिनं मान वर केली. “पप्पा, शनिवारी तर आपली कंपनी सोडते ना? तुम्हीच मम्मीला म्हणालात, आज कपडे आत घे.”

सेक्रेटरींच्या बायकोच्या हातातला डाव तिथेच थांबला. सेक्रेटरी हसले, पण ते हसू चेहऱ्यावर नीट बसेना. मी ताटाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता काहीतरी होणार. चौकशी, दंड, निदान साहेब उठून तरी जातील.

साहेबांनी रुमाल खिशात ठेवला. “हुशार आहे हो मुलगी,” ते म्हणाले. “अजून एक तुकडी वाढा वहिनी. रस्सा फक्कड झालाय.”

बस, एवढंच. खरं बोललं की आभाळ कोसळतं असं मुलांना वाटतं. आभाळ सोडा, साहेबांचा पाटही हलला नाही. जाताना त्यांना चिकूची पेटी देण्यात आली, आणि ती गाडीत ठेवायला सेक्रेटरी स्वतः खाली गेले.

पण दुसऱ्या दिवशी वर्गाच्या आधी ते माझ्या दारात उभे. डोळे तारवटलेले.

“काकू, तुमचा हेतू चांगला आहे. पण सत्य जरा लवकर झालं.”

“मग कधी घ्यायला हवं होतं?”

“शेवटी. मुलं थोडी समजूतदार झाली की.” ते जरा घुटमळले. “इतरही तक्रारी आहेत. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलानं कुरिअरवाल्याला सांगितलं, बाबा घरात आहेत, पण मला ‘नाहीत’ असं सांगायला सांगितलंय. त्या वरच्या मुलीनं आत्याला सांगितलं की तिनं दिलेली साडी आईनं कामवालीला देऊन टाकली. लोक मला विचारतायत काकू.”

“आज कोणतं घेऊ मग?”

त्यांनी मनापासून विचार केला. “समानता घ्या. समानतेत काही प्रॉब्लेम नाही.”

मी समानता घेतली. माणूस म्हणून सगळे सारखे, एवढंच सांगितलं आणि गप्प बसले. मुलं मात्र गप्प बसली नाहीत. सेक्रेटरींच्या मुलीनं हात वर केला. “आजी, आपल्या लिफ्टबाहेर पाटी आहे ना.”

पाटी होती. घरकाम करणाऱ्या महिला व डिलिव्हरीवाले यांनी लिफ्ट वापरू नये, जिना वापरावा. त्याखाली लहान अक्षरात, पाळीव कुत्र्यांना मालकांसोबत परवानगी आहे. मी ती पाटी रोज पाहत होते, आणि तिच्यातलं शुद्धलेखन बरोबर असल्यामुळे मला कधी काही खटकलं नव्हतं.

“मग?” मी विचारलं.

“मग मावशींना लिफ्टमध्ये घ्यायचं का?”

“तुम्हाला काय वाटतं?” असं विचारून मी सुटका करून घेतली. शिक्षकांची ही जुनी युक्ती.

मावशी म्हणजे माझ्याकडे आणि आणखी चार घरी काम करणारी बाई. बेटेगावहून येते. अंगानं काटक, जिभेनं तिखट. सोमवारी दुपारी पोरं तिला लिफ्टपाशी गाठून म्हणाली, तुम्ही आमच्यासोबत चला. ती तयार होईना. वर येऊन मला म्हणाली, “बाय, पोरांना काय शिकवलंस? माझा हात धरून ओढतात.”

“अगं, समानता शिकवली.”

“ती तुमी तुमच्यात करा. मला जिन्यानंच बरं हाय. दोन माळ्यावर बसून आमी मिशरी लावतो, चार गोष्टी बोलतो. तुमच्या डब्यात शिरलं की बाया नाक धरून उभ्या राहतात. मला नाय जमत.”

मला वाटलं, विषय संपला. पण मुलांनी त्यातून वेगळाच अर्थ काढला. मावशी लिफ्टनं येत नाहीत ना, मग आम्हीही जाणार नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून आलेली सगळी पोरं दप्तरं पाठीवर घेऊन जिना चढायला लागली. मोठ्यांचं एक ठीक होतं. धाकटी एकटी चढेनात, लिफ्टमध्येही शिरेनात, मग त्यांच्या आया त्यांच्यामागे चढायला लागल्या. भाजीच्या पिशव्या घेऊन, साडीचा घोळ आवरत, दर मजल्यावर कठड्याला टेकत. आठव्या मजल्यावरची एक वाटेत माझ्याकडे पाणी मागायला आली ती सोफ्यावरच बसली. “काकू, माझे गुडघे,” एवढंच म्हणाली. समानता गुडघ्यापर्यंत आली की दुखते, हे मला त्या बाईकडे बघून कळलं.

मावशी तर वैतागली. जिन्यातल्या तिच्या दुसऱ्या माळ्यावरच्या बैठकीतून सारखी पोरं आणि त्यांच्या आया ये-जा करायला लागल्या होत्या. “मिशरी लावायची चोरी झाली,” ती म्हणाली. “सांग त्यांना, गुमान लिफ्टमंदी बसा म्हणावं.”

आठवडा संपायच्या आत पुन्हा तातडीची सभा. एक गृहस्थ म्हणाले, कामवाल्या बायकांमुळे लिफ्टवर लोड येतो. मी विचारलं, तुमच्या कुत्र्याचं वजन किती? त्यांचा कुत्रा वासराएवढा आहे. ते म्हणाले, तो फॅमिली मेंबर आहे. दुसरे एक जण, ते रोज सकाळी ध्यान करतात, त्यांनी डोळे मिटून सांगितलं की समानता मनात असावी लागते, ती लिफ्टमध्ये आणली की तिचं पावित्र्य जातं. चेअरमन म्हणाले, मुद्दा शिस्तीचा आहे. पोरं हॉलच्या दाराशी बसून सगळं ऐकत होती. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मूल्यशिक्षणाचा खरा वर्ग त्या संध्याकाळी भरला होता, आणि शिकवणारे पुष्कळ होते.

शेवटी सेक्रेटरींनी तोडगा काढला. पाटी काढायची. तिच्या जागी ‘लिफ्टचा वापर जबाबदारीने करावा’ अशी नवी पाटी लावायची. आणि वर्गाचं स्वरूप थोडं बदलायचं, मुलांना ताण येणार नाही असं. “काकूंनी पायाभरणी केली,” ते म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला पुन्हा शाल आणि नारळ मिळाला. शाल पहिल्यापेक्षा चांगली होती.

नवा शिकवणारा विरारहून यायला लागला. तरुण, गळ्यात माइक, सोबत प्रोजेक्टर आणि चॉकलेटचा डबा. मुलं ‘मी प्रामाणिक आहे’ असं एका सुरात म्हणायची आणि चॉकलेट घ्यायची. मूल्यांवर चित्रं काढायची, घोषवाक्यं रंगवायची. पालक खूश झाले, कारण घरी जाऊन करायचं असं काही नव्हतं.

मावशी आता कधी कधी लिफ्टनं येते, पाय दुखत असले तर. तिला पाहून बायका नाक धरत नाहीत. त्यांना एकदम काहीतरी विसरल्याचं आठवतं आणि त्या बाहेर पडतात. “बरं झालं,” मावशी म्हणते. “अख्खी लिफ्ट एकटीला.”

सेक्रेटरींची मुलगी बदलली. मुलं चटकन शिकतात. कुणी काही विचारलं तर ती आधी वडिलांकडे बघायची, मगच उत्तर द्यायची. एकदा लिफ्टमध्ये कुणीतरी सहज म्हणालं, आज वास फार येतोय, नाही का? तिनं वडिलांकडे पाहिलं आणि गोड आवाजात म्हणाली, “मला तर नाही येत.” सेक्रेटरींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ते मला पाहवलं नाही. वर येऊन मी गॅस पेटवला आणि चहाचं आधण ठेवलं. पाणी आटेपर्यंत तशीच उभी राहिले. मी कुणावर चिडावं, तेच मला ठरवता येईना. नोकरी सांभाळणाऱ्या त्या माणसावर चिडणं सोपं होतं, पण सुरमईची दुसरी तुकडी मीसुद्धा घेतली होती.

वर्षअखेर वर्गाचा समारंभ झाला. प्रामाणिकपणावरच्या भाषणात त्या मुलीला पहिलं बक्षीस मिळालं. दुसऱ्या दिवशी ती प्रमाणपत्र दाखवायला माझ्याकडे आली. मी तिला पोहे दिले.

“भाषण चांगलं झालं तुझं,” मी म्हटलं. “तूच लिहिलंस?”

पप्पा तिथे नव्हते. तिनं दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “पप्पांनी लिहून दिलं. मी नुसतं पाठ केलं.” मग खालच्या आवाजात, “आजी, हे खाली सांगू नका हं.”

“नाही सांगणार.”

ती मोकळी झाली आणि पोह्यांतले शेंगदाणे वेचून खायला लागली. मी प्रमाणपत्र वाचलं. त्यावर सोनेरी अक्षरात ‘प्रामाणीकपणा’ छापलं होतं, दीर्घ णी. मी तिला दाखवलं. ती म्हणाली, सगळ्यांच्याच प्रमाणपत्रावर तसं आहे, सरांना सांगितलं तर म्हणाले, चालतं. आम्ही दोघी बराच वेळ हसलो. मग ती आणखी पोहे मागायला लागली.