मंजूर म्हणणारी लेक

माझी लेक तीन वर्षांची झाली तरी मला आई म्हणत नव्हती. "मंजूर" मात्र झकास म्हणायची. सासरे गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन. बैठका आमच्याच ओसरीत व्हायच्या आणि तिथून तिनं तेवढा एक शब्द उचलला होता. जेवतेस का? मंजूर. झोपायचं का? मंजूर. पुढची चेअरमन घरातच तयार होतेय, असं मामंजी येईल त्याला सांगायचे.

त्या वर्षी पावसानं दडी मारली. जनावरांचं दूध आटलं, सोसायटीचे कॅन रिकामे पडले आणि लेक दिवसभर त्यांची झाकणं एका ओळीत मांडत बसायची. कुणी एखादं सरकवलं की रडून गल्ली डोक्यावर घ्यायची. नावानं हाक मारली तर वळायची नाही. ऐकू येत नसेल म्हणून चुलत सासूबाईंनी तिच्यामागं परात बडवली, तरी ती ढिम्म. पण सिरसाळ्याच्या रस्त्यानं पाण्याचा टँकर निघाला की आमच्याआधी तिला कळायचं आणि ती कान गच्च दाबून धरायची. मग बायकाच तिच्यावर लक्ष ठेवायला लागल्या. तिचे हात कानांवर गेले की सगळी गल्ली घागरी घेऊन पळायची.

अंगणवाडीच्या बाईंना त्यात गंमत वाटली नाही. त्यांनी मला बाजूला घेतलं. पोर बोट दाखवून काही मागत नाही, मनगट धरून डब्यापाशी ओढत नेते, कुणाच्या डोळ्यांत बघत नाही, असं सांगून त्यांनी बीडला डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं.

मामंजींना राग आला. आपल्या खानदानात सगळेच उशिरा बोलतात, म्हणाले. तरी सकाळी धुतलेलं धोतर नेसून एसटीत आमच्याआधी जाऊन बसले.

डॉक्टरीणबाई तिच्याशी बराच वेळ खेळल्या, कानही तपासून घेतले. कान उत्तम होते. याला स्वमग्नता म्हणतात, ऑटिझम, असं त्यांनी समजावलं. औषधानं जाणारी गोष्ट नाही, पण आत्तापासून शिकवलं तर पोर पुष्कळ शिकेल.

मामंजींनी हळू आवाजात विचारलं, "आमचं काय चुकलं, बाई?"

"कुणाचंच काही चुकलं नाही. तुम्ही तिच्यासमोर खाली बसा, ती खेळते तेच खेळा. कमी बोला आणि वाट बघा."

खाली बसणं मामंजींच्या गुडघ्यांना जड गेलं, कमी बोलणं त्याहून जड. तरी रोज ते तिच्यासमोर झाकणं मांडत बसायचे. बैठकीला आलेले सभासद ताटकळायचे.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी शेजारच्या शेळीनं दोरीवरचा मामंजींचा पटका ओढला आणि चघळायला लागली. लेकीनं बोट उचललं. शेळीकडं दाखवलं, मग वळून मामंजींच्या तोंडाकडं बघितलं, पुन्हा शेळीकडं.

मी शेळी हाकलायला उठले. मामंजींनी हातानंच मला थांबवलं.

"खाऊ दे," ते म्हणाले, "पोरगी दाखवतीया मला."