भैरवगढचा निबंध

उज्जैनहून पुण्याची गाडी हलली तेव्हा बाबांनी खिडकीच्या गजांतून एक प्लास्टिकची पिशवी आत सरकवली. मला वाटलं, आईने केलेल्या मठऱ्या राहिल्या असतील. पिशवीत व्यास सरांच्या नोट्सच्या झेरॉक्स निघाल्या, स्पायरल बाइंडिंग केलेल्या, वर पारदर्शक कव्हर. "ठेवून घे, तिथे कामात येतील," गाडीबरोबर चालत बाबा म्हणाले. पिशवीत काय आहे हे आईच्या लक्षात आलं आणि तिने तोंड फिरवलं. मी बाबांना हात केला नाही. नागदा स्टेशन यायच्या आत ती पिशवी मी सीटखाली ढकलली आणि पुण्याला उतरताना तिथेच राहू दिली.

घर सोडताना सगळे रडतात म्हणे. मी नाही रडले. इतका राग आला होता की रडायला जागाच नव्हती. तो राग अजून पुरता गेलेला नाही, आणि आता या वयात जाईल असंही वाटत नाही. माझ्या वर्गमैत्रिणींनो, तुमच्यातल्या काही अजून माधव नगरात, फ्रीगंजात आहात, काही माझ्यासारख्या पुण्याला आलात, काही बंगलोरला, काही थेट सातासमुद्रापार गेलात. मी बारावीत नक्कल करताना पकडली गेले, असंच तुम्हा सगळ्यांना वाटत आलंय. शाळेत तेव्हा तेच सांगितलं गेलं. म्हणून आज हे लिहायला बसले आहे.

माझी लिहायची एक पद्धत होती. कोऱ्या कागदासमोर बसून मला काही सुचायचं नाही. आधी ते सगळं कोणाला तरी तोंडाने सांगावं लागायचं. आई स्वयंपाकघरात पोह्यांसाठी कांदा चिरत असायची, मी दाराला टेकून उभी राहायची आणि मुघलांपासून प्रकाशसंश्लेषणापर्यंत जे काही दुसऱ्या दिवशी पेपरात यायचं ते तिला मराठीत सांगत सुटायची. शाळा हिंदी माध्यमाची, तेव्हा लिहायचं हिंदीत, पण सांगायचं मराठीत. आई मध्ये फारसं बोलायची नाही. गोष्ट पुढे सरकत असली की "मग?" म्हणायची. मी पुस्तकातलं एखादं भारदस्त वाक्य फेकलं की सुरी थांबवून विचारायची, "हे तू पाहिलंस का?" आणि तिचं "मग?" बंद झालं की समजायचं, बाई कंटाळल्या, एवढा भाग गाळा. सगळं सांगून झाल्यावरच मी पेन हातात घ्यायची. मग लिहायला कितीसा वेळ लागतो!

बाबा तेव्हा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत असायचे. आमच्या घराच्या भिंती त्या काय, सगळं ऐकू यायचं. मी काही गमतीचं बोलले की तिकडून हसल्याचा आवाज यायचा. हे लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं त्यावरच अडलं.

व्यास सर आम्हाला शाळेत हिंदी शिकवायचे आणि संध्याकाळी फ्रीगंजात एका मिठाईच्या दुकानाच्या माडीवर ट्यूशन घ्यायचे. त्या वर्षांत फ्रीगंजात रोज काहीतरी नवं उघडत होतं. एसटीडी बूथ, ब्यूटी पार्लर, कॉम्प्युटर क्लास, आणि गल्लोगल्ली कोचिंग. बाजार खुला झाला, आता हवं ते निवडा, असं जो तो म्हणायचा. दुकानांत साबण दहा प्रकारचे आले, केबलवर चॅनल मोजता येईनात, आणि वर जिना चढून गेलं की निबंध मात्र एकच. "विषय कोई भी आए, निबंध तैयार है," सर म्हणायचे. सुरुवातीला भारत कृषिप्रधान देश, मध्ये एक दोहा, शेवटी 'अतः हम कह सकते हैं'. वर्गातल्या बहुतेक मुली त्यांच्याकडे जायच्या. मी जात नव्हते. आई म्हणायची, कशाला, तुझं तुला येतंय. सरांना ते खुपत होतं. वर्गात हजेरी घेताना माझ्या नावाशी आले की म्हणायचे, "ये तो घर की विदुषी हैं."

छमाही परीक्षेला 'हमारे नगर का एक उद्योग' हा निबंध येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी आईला सांगायला उभी राहिले, "आपल्या शहरातील भैरवगढची छपाई जगप्रसिद्ध आहे." आई म्हणाली, "तू पाहिलंस का?" मी नव्हतं पाहिलं. इतकी वर्षं तिथल्याच छापील चादरी अंथरून झोपत होतो, पण त्या होतात कशा हे घरात कोणी बघायला गेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सायकल काढली आणि भैरवगढला गेले. एका अंगणात शेगडीवर मेण वितळत होतं. एक काकू मांडी घालून बसल्या होत्या आणि कापडावर मेणाने वेली काढत होत्या, माझ्याकडे न बघता, शेजारणीशी सुनेबद्दल तक्रार करत. मग ते कापड रंगात बुडवलं, मेणाला भेगा पडल्या आणि रंग त्या भेगांतून आत शिरला. त्या म्हणाल्या, "बेटा, दरार तो अपने आप पड़ती है, दो चादर एक जैसी नहीं निकलतीं." मी घरी येऊन आईला सगळं सांगितलं, अगदी सुनेच्या तक्रारीसकट. आईचं "मग?" एकदाही थांबलं नाही. सुनेच्या भागाला बाहेरच्या खोलीतून बाबा मोठ्याने हसले.

पेपरात मी तेच लिहिलं.

आठवड्याने सरांनी बाबांना शाळेत बोलावून घेतलं. स्टाफरूममध्ये माझी उत्तरपत्रिका टेबलावर होती. सर म्हणाले, "ये भाषा बच्ची की नहीं है. न किताब में है, न गाइड में, न मेरे नोट्स में. कहीं से उतारा है. नकल का केस बनता है." जरा विचार करा. अख्ख्या वर्गाने एकच निबंध, दोह्यासकट, स्वल्पविरामासकट उतरवला, ती नक्कल नव्हती. मी एकटीने वेगळं लिहिलं, ती नक्कल झाली. मी बाबांकडे पाहिलं. मला काहीच काळजी वाटत नव्हती, कारण बाबांना माहीत होतं. त्यांनी प्रत्येक शब्द ऐकला होता. सुनेच्या गोष्टीला हसले होते. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं, "सर, तिला विचारून बघा."

बाबांनी हात जोडले. "सर, बच्ची है, गलती हो गई. माफ कर दीजिए, आगे से नहीं होगा."

सरांनी उदार मनाने माफ केलं. मला तिथेच एका कोपऱ्यात बसवून निबंध परत लिहायला लावला. मी कृषिप्रधान देशापासून 'अतः हम कह सकते हैं' पर्यंत सगळं लिहिलं. वर्गात सगळ्यांनाच पाठ होतं, मलाही होतं. दहापैकी नऊ मिळाले. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सरांनी नाव न घेता नक्कल करणाऱ्यांवर भाषण दिलं आणि तुम्ही सगळ्या मान वळवून माझ्याकडे बघत होतात.

घरी आल्यावर आईने बाबांना एकच विचारलं, "तुम्ही ऐकलं होतं ना सगळं?" बाबा चप्पल काढत म्हणाले, "पाण्यात राहून माशाशी वैर करायचं नसतं. बोर्डाचं वर्ष आहे. सर नाराज होऊन गेले असते तर? आणि आपण बाहेरची माणसं."

बाहेरची माणसं! आमचा मूळपुरुष शिंद्यांच्या दफ्तरात कारकून म्हणून उज्जैनला आला, त्याला आता सात पिढ्या झाल्या. आमच्या घरात कोणाला कोकणातल्या मूळ गावाचा रस्ताही सांगता येणार नाही. आमचे सगळे गेले ते क्षिप्रेच्या काठी, जन्मले ते इथल्या इस्पितळात, सकाळी पोह्यांवर शेव आणि सोबत जलेबी नसेल तर आमचा दिवस उगवत नाही. तरी घरात कोणी मोठ्याने बोललं की मोठी माणसं म्हणणार, हळू, आपण बाहेरचे. तुम्हीही हे ऐकत मोठ्या झालात, तुमच्यातल्या सगळ्या जोशी, पागे, किबे. सभ्य म्हणून आपलं नाव होतं. मराठी लोग बड़े सीधे होते हैं! सीधे कसले, सात पिढ्या भाडेकरूसारखे राहिलो आपण, स्वतःच्याच घरात. याचा मला जेवढा राग आहे तेवढा व्यास सरांचाही नाही.

बारावीनंतर मी हट्टाने पुण्याला गेले. बाबा खूश झाले. म्हणाले, तिथे आपली माणसं आहेत. आपल्या माणसांनी मला पहिल्या आठवड्यात 'एमपीवाली' केलं. हॉस्टेलवर मी "मी नहाऊन येते" म्हटलं की हशा. दुकानात मी "भैया" म्हणायची, तर मालक वर बघून हिंदीत उत्तर द्यायचा. उज्जैनला मराठी म्हणून बाहेरची, पुण्याला हिंदी म्हणून बाहेरची. ठीक आहे. पण ट्यूटोरियल लिहायची वेळ आली आणि माझ्या लक्षात आलं, इथे स्वयंपाकघराचं दार नाही. कोणाला सांगू? मग रविवारी सकाळी कॉलेजसमोरच्या एसटीडी बूथमध्ये उभी राहून मी आईला ट्यूटोरियल सांगायला लागले. बाहेर रांग, कोणीतरी काचेवर टकटक करतंय, समोर बिलाचे लाल आकडे पळतायत आणि तिकडून आई म्हणतेय, "मग?"

पहिल्याच सहामाहीत कॉलेजातल्या मॅडमनी मला थांबवून घेतलं. "हे कुठून घेतलंस?" तेच वाक्य, फक्त यावेळी मराठीत. माझेही हात जोडले जातात की काय अशी भीती वाटली. मी म्हटलं, "माझं आहे. विचारून बघा." त्यांनी विचारलं. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत, जिथे अडले तिथे हातवारे करून. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं. संदर्भ लिहीत जा पुढच्या वेळी." संपलं. इतकं सोपं होतं ते. मी बाहेर येऊन जिन्यात बसले आणि तेव्हा मात्र पोटभर रडले, कारण एवढंच तर म्हणायचं होतं बाबांनी.

त्यानंतर मी पुण्याचीच झाले. गावोगाव फिरून पाहायचं आणि त्याचे अहवाल लिहायचे, असं काम मिळालं. आईने लावलेली खोड पोटाला उपयोगी पडली. रविवारचा फोन ती असेपर्यंत चालला. ती गेली तेव्हा बाबांना म्हटलं, चला माझ्याकडे. ते म्हणाले, "आता या वयात मी कुठे परक्या मुलखात येऊ?" सात पिढ्या ज्याला परकं म्हणाले ते सोडवत नव्हतं. हसावं की चिडावं कळेना, म्हणून मी चिडले.

मागच्या हिवाळ्यात चुलतभावाच्या मुलीच्या लग्नाला उज्जैनला गेले होते. माधव नगरातच मांडव होता. जेवणाच्या रांगेत व्यास सर भेटले. फ्रीगंजात आता त्यांची तीन मजली इमारत आहे, वर हसऱ्या टॉपर मुलांचे फोटो. त्यांनी मला ओळखलं. चार माणसांना जवळ बोलावून माझ्या डोक्यावर हात ठेवला. "ये हमारी बच्ची है. पूना में बहुत बड़ी राइटर है. इसको लिखना मैंने सिखाया." बाबा शेजारी होते. ऐंशी वर्षांचे बाबा, हातात ताट. मी बघत होते. त्यांनी ताट टेबलावर ठेवलं आणि त्यांचे दोन्ही हात एकमेकांकडे निघाले.

मी ते मध्येच धरले. म्हटलं, "नहीं सर. आपने नहीं सिखाया. मेरी माँ ने सिखाया. आपने तो उस निबंध को नकल कहा था." सर हसत राहिले, त्यांना आठवतही नव्हतं. लोकांनी गुलाबजामकडे मोर्चा वळवला.

रिक्षात बसल्यावर बाबा म्हणाले, "एवढं बोलायला नको होतं तू. तू निघून जाशील परवा. मला इथेच राहायचंय."

मी उसळून काहीतरी बोलणार होते. बोलले नाही, कारण ते खरं होतं. माझ्या पर्समध्ये परतीचं तिकीट होतं. ते असलं की कोणालाही तोंड फुटतं. ज्यांच्याकडे नसतं ते हात जोडतात, आणि मग त्यांच्या पोरी घर सोडून जातात. घर म्हणजे काय, असं आता मला कोणी विचारलं तर मी हेच सांगेन: जिथे बाबांना अजून राहायचंय ते. माझा राग तिथे वर्षातून दोनदा पाहुणा म्हणून जातो, चार दिवस मिरवतो आणि मागचं निस्तरायला त्यांना ठेवून येतो. हे कळलं म्हणून राग कमी झाला, असं मात्र नाही. उलट आता तो कुणावर काढावा हेच कळत नाही.

हे लिहायच्या आधी नेहमीप्रमाणे कोणाला तरी सांगायचं होतं. आई नाही. म्हणून रविवारी बाबांना फोन लावला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. प्लॅटफॉर्मवरची पिशवी, भैरवगढ, स्टाफरूम, त्यांचे जोडलेले हात. काहीही गाळलं नाही. भैरवगढच्या सुनेपाशी आले तेव्हा ते हसले, अगदी तसेच. सगळं ऐकून झालं. मग म्हणाले, "ऐकलं होतं मी तेव्हा. सगळं ऐकलं होतं." आणि आवाज खाली आणून, जणू घरात दुसरं कोणी आहे, "लिही. पण सरांचं नाव बदल. मला इथे राहायचंय."

बदललंय, बाबा. व्यास हे त्यांचं नाव नाही. बाकी एक अक्षर बदललेलं नाही.