ऐनाखालची जागा

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, पण सुरुवात कुठून करावी ते ठरत नाही — आणि माझं एरवी सगळं ठरलेलं असतं. इथे परदेशात, हार्बरफ्रंटच्या ऑफिसात मी जहाजांची वेळापत्रकं लावते. घरी आठवड्याची भाजी रविवारीच निवडून, चिरून डब्यांत.

शिमगा झाला की आमच्या घरचा पारधीचा तळ पडायचा. सिंधुदुर्गात, गावामागच्या रानात, ओढ्याकाठी — चुलते, चुलत्या, पोरं, सगळे. भेकराची, म्हणजे रानातल्या छोट्या हरणाची शिकार. कायद्यानं बंदी होती, आम्हाला ठाऊक होतं, तरी जायचो. आबाकाका रानाच्या राखणदार देवाला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचे आणि मग प्रत्येकाला जागा नेमून द्यायचे. हाकारे रान उठवत येणार, जनावर पुढे पळणार. शिट्टी होईपर्यंत कुणी जागा सोडायची नाही, कारण कोण कुठे बसलंय ते धरूनच बार निघायचा. मुलींनी मात्र तळावरच राहायचं.

तळ मी सांभाळायचे. चुली, पाणी, पेज, सुकटीची चटणी. "ह्या बायच्या हातून काय चुकाचा नाय," काका म्हणायचे. आवडायचं मला ते. पण भेकर मी कायम मेलेलंच पाहिलेलं.

सुधीर हा आबाकाकांचा मुलगा, माझ्याहून धाकटा. त्या वर्षी त्याला पहिल्यांदा जागा मिळाली होती — ऐनाच्या झाडाखाली, बंदुकीशिवाय, नुसती जनावर वळवायला. हाकारा सुरू व्हायच्या आधी मी तळावरून चोरून तिथे गेले आणि त्याच्या मागे लागले. एकदाच, रे. मला ते जिवंत बघायचंय.

"ताई, बाबा सोलून काढतील मला," म्हणाला. आणि आपली जागा मला देऊन उठला.

तो करवंदीच्या जाळीत सरकला. आपणहून सरकला का? नाही — तिकडे जा, तिकडे कुणी बघणार नाही, असं मीच म्हणाले होते.

भेकर आलं. कान उभे करून थबकलं. फार देखणं होतं — हे लिहायलाही लाज वाटते. मग जाळी हलली आणि आबाकाकांचा बार झाला.

मी काय केलं? पळाले. सुधीरकडे नाही — तळाकडे. त्याला उचलून आणलं तेव्हा मी पाणी उकळून, धोतर फाडून तयार होते. बघा, पोरगी कशी प्रसंगावधानी, असंही कुणीतरी म्हणालं.

"जागो सोडलंस कित्याक रे?" आबाकाका रडत होते आणि पुन्हा पुन्हा तेच विचारत होते. सुधीरनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. "पाय अवघडले, म्हणून उठलो," म्हणाला.

मी पट्टी बांधत राहिले.

छर्रे लागलेला त्याचा गुडघा कायमचा ताठ झाला. पोलीसभरतीची तयारी तिथेच संपली. तळ पुन्हा पडला नाही. आपला मुलगा सांगितलेल्या जागी बसू शकला नाही, एवढंच उरी घेऊन आबाकाका गेले. त्यांच्या उशाशी मी बसले होते — तेव्हाही नाही बोलले. का? भीती म्हणू? पहिल्या दिवशी असेल. नंतरच्या वर्षांचं काय?

आता सुधीरची मुलगी सायली इथे नोकरीला आली आहे. खोली मिळेपर्यंत सेरंगूनच्या आमच्या फ्लॅटवर राहते. संध्याकाळी दार उघडतं, "आत्या, आले गं!" — आणि मला माझ्याच घरात कुठे उभं राहावं ते कळत नाही. बोलले, तर सुधीरनं इतकी वर्षं सांभाळलेलं मोडते. गप्प राहिले, तर तेच खोटं रोज त्याच्या मुलीच्या ताटात वाढते.

गेल्या रविवारी जेवताना तिनं माझ्या मुलाला बाबा पाय अवघडले म्हणून जागेवरून उठले ती गोष्ट सांगितली, अगदी रंगवून. फोन टेबलावर, स्पीकर चालू, पलीकडे सुधीर.

"मामा सो ब्लर, लाह!" माझा मुलगा म्हणाला.

"बाबा, ऐकलंत? तुम्हाला वेंधळा म्हणतोय हा!"

"बरोबरच म्हणतोय की," सुधीर हसला. "ताई, तू होतीस ना तिथे. सांग त्याला — होतो ना मी वेंधळा?"

दोघं माझ्याकडे बघत होती. फोनवर तो थांबला होता.

"होतासच," मी म्हणाले.